तीनशे पंच्याऐंशी फॉर्म भरून घेण्याआधी

तुझा प्रश्न थोडक्यात असा. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेस. मानवी वर्तन किंवा सामाजिक प्रश्न यांवर सहा महिन्यांत एक संशोधन प्रकल्प करायचा आहे. विषय घेतला आहेस ‘सोशल मीडियाच्या वापराचा तरुणांच्या मानसिक आरोग्यावर होणारा परिणाम’. गूगल फॉर्म तयार आहे, ३८५ प्रतिसाद गोळा करायचे आहेत, आणि विश्लेषणासाठी कोणती संख्याशास्त्रीय टेस्ट लावायची ते तुला हवं आहे. शेवटी जाता जाता एक वाक्य लिहिलं आहेस: विषय सुचला कारण एका मोठ्या ग्रुपवर एका मुलीनं मदतीसाठी मेसेज टाकला होता, साठ जणांनी तो वाचला आणि रात्रभर कोणीच उत्तर दिलं नाही.

वीसेक वर्षं मी पदवीच्या मुलामुलींकडून असे प्रकल्प करवून घेते आहे, मधली काही वर्षं संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीवरही होते. ‘कोणती टेस्ट लावू’ हे दर वर्षी कोणीतरी विचारतंच, आणि बहुतेक वेळा डेटा हातात आल्यावर विचारतं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ साली एका भाषणात म्हणाले होते की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला गाठणं म्हणजे त्याच्याकडून शवविच्छेदन करून घेणं. प्रयोग कशानं मेला एवढं तो कदाचित सांगू शकेल. तुझा फॉर्म अजून कोणाला गेलेला नाही, म्हणजे रोगी जिवंत आहे. टेस्टचं उत्तर शेवटी देते.

आधी शीर्षक. त्यात चार पोती भरली आहेत. सोशल मीडिया म्हणजे काय? मित्राशी गप्पा मारणं, अनोळखी लोकांचे व्हिडिओ एकामागून एक बघणं आणि स्वतःचा फोटो टाकून दर पाच मिनिटांनी किती जणांना आवडला ते तपासणं या तीन वेगळ्या वागण्यांना तू एकच नाव दिलं आहेस. तरुण म्हणजे कोण? बहुधा तुझ्या कॉन्टॅक्ट लिस्टमधले. मानसिक आरोग्य म्हणजे चिंता, झोप, एकटेपणा, आत्मविश्वास की समाधान? आणि चौथं पोतं, ‘परिणाम’, सगळ्यांत जड. झोप लागत नाही म्हणून माणूस रात्री फोन बघतो, की फोन बघतो म्हणून झोप लागत नाही? की घरात ताण आहे म्हणून दोन्ही होतं? एकाच दिवशी एकाच फॉर्मवर दोन्ही गोष्टी विचारल्यास या तिन्ही शक्यता अगदी सारख्याच दिसतात. मुलं मग शीर्षकात ‘परिणाम’ खोडून ‘संबंध’ लिहितात आणि निष्कर्षात पुन्हा ‘यावरून सिद्ध होते की’ असं लिहून मोकळी होतात. व्हायवाला हेच वाक्य पहिल्यांदा धरलं जातं.

फॉर्मवर मिळणारी उत्तरं हा याच्याही आधीचा घोटाळा. ‘तुम्ही दिवसातून किती तास फोन वापरता?’ याचं उत्तर म्हणजे त्या माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज. लोकांचे असे अंदाज आणि फोननं प्रत्यक्ष नोंदवलेला वेळ यांची तुलना झाली आहे, आणि ते बेताचेच जुळतात. निदान इथे तरी सोय आहे: अंदाज न विचारता फोनच्या सेटिंगमधला आकडा पाहून लिहायला सांगता येतं. ‘तुम्ही गरजूला मदत करता का?’ या प्रश्नाला मात्र कुठलंच सेटिंग नाही.

याचा सगळ्यांत जुना आणि मला सगळ्यांत आवडणारा धडा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांचा. १९३० सालापासून दोनेक वर्षं ते एका तरुण चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर मोटारीनं फिरले. चिनी लोकांबद्दलचा द्वेष तेव्हा तिथे उघड होता. हॉटेलं, मुक्कामाच्या जागा आणि खाणावळी मिळून २५१ ठिकाणी ते गेले. नकार मिळाला एकदाच. काही महिन्यांनी त्यांनी त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही चिनी ग्राहकांना घ्याल का? १२८ उत्तरं आली आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ म्हटलं. लेख १९३४ साली छापला गेला. प्रश्नावलीवर विसंबणाऱ्या प्रत्येकानं तो एकदा वाचावा, आणि वाचताना त्यातल्या फटीही शोधाव्यात. पत्राला उत्तर देणारा आणि त्या दिवशी काउंटरवर उभा असलेला माणूस एकच होता का? बरोबर एक गोरा प्राध्यापक होता, त्याचा काही फरक पडला असेल का? पत्रातला ‘चिनी ग्राहक’ आणि दारात उभं असलेलं हसतमुख, उत्तम इंग्रजी बोलणारं जोडपं ही एकच गोष्ट आहे का? अशा फटी शोधता आल्या की संदर्भ साहित्याचा आढावा लिहिता येतो. ‘अमुक यांनी तमुक सांगितले’ अशा वाक्यांची माळ ओवली म्हणजे आढावा झाला असं कोणीतरी मुलांच्या डोक्यात भरवून ठेवलं आहे. त्या माळेला मी गुण देत नाही.

आता तुझ्या शेवटच्या वाक्याकडे येऊ, कारण खरा प्रकल्प तिथे आहे. साठ जणांनी वाचलं आणि कोणी उत्तर दिलं नाही. हे तू पाहिलंस, त्यानं तू अस्वस्थ झालीस, आणि मग त्याला ‘संशोधनाचा विषय’ बनवताना ते सगळं पुसून टाकून शंभर जणांनी वापरलेलं शीर्षक उचललंस. असं का होतं ते मला कळतं. मोठं शीर्षक अभ्यासू वाटतं, लहान प्रश्न पोरकट वाटतो. पण खुद्द जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांचा प्रश्न असाच होता. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीस या तरुणीचा खून झाला, आणि ३८ जणांनी तो पाहूनही काही केलं नाही अशी बातमी छापून आली. वर्तमानपत्रं माणुसकी संपल्याबद्दल अग्रलेख लिहीत होती तेव्हा या दोघांनी एक बारीक प्रश्न विचारला: पाहणारे जास्त असणं हेच तर कारण नसेल? १९६८ साली छापलेल्या प्रयोगात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होते. बोलता बोलता एकाला अपस्माराचा झटका आल्याचं ऐकू येतं. तो आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटलं, त्यांच्यातल्या ८५ टक्के लोकांनी झटका संपायच्या आत मदत मागवली. आणखी एक जण ऐकतो आहे असं वाटलं तेव्हा ६२ टक्के, आणि आणखी चार जण ऐकत आहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. हे आकडे तिन्ही प्रकार मिळून अवघ्या ५२ जणांवरचे आहेत. ३८५ नाहीत, आणि कोणाला ‘तुम्ही मदत कराल का’ असं विचारलेलंही नाही.

गोष्ट इथे संपत नाही. ती ३८ जणांची बातमी फुगवलेली होती हे पुढे उघड झालं; इतक्या लोकांनी सगळा प्रकार पाहिल्याचा पुरावा नाही आणि काही जणांनी हालचाल केली होती. म्हणजे प्रश्न सुचवणारी घटना चुकीची सांगितलेली होती, तरी प्रश्न चांगला निघाला. तुझ्या त्या ग्रुपवरही, तिला दोघीतिघींनी खासगीत फोन केला असेल आणि तुला ते दिसलं नसेल. हे लिहून ठेव, पुढे उपयोगी पडेल.

आणि मग २०२० साली छापून आलेला एक अभ्यास. रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन या तीन शहरांतल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण पाहिलं. दहापैकी नऊ प्रसंगांत कोणीतरी मध्ये पडलंच होतं, आणि बघे जितके जास्त तितकी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. मग डार्ली-लाताने खोटे ठरले का? इथे घाई करू नकोस, तुझ्या प्रकल्पाची किल्ली इथेच आहे. डार्ली-लाताने यांनी मोजलं ते एका माणसाचं वागणं. फिलपॉट यांनी मोजलं ते त्या प्रसंगात कोणी तरी पुढे आलं का हे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पाच जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येक जण उत्तर देण्याची शक्यता ३० टक्के धर. किमान एक उत्तर येण्याची शक्यता होते साधारण ८३ टक्के. साठ जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाची शक्यता केवळ ५ टक्के धर, म्हणजे सहापट आळशी माणसं. तरी किमान एक उत्तर येण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर जाते. आकडे मी गणितासाठी घेतले आहेत, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे न बघता ठरवतो असं मानलं आहे, जे खरं नसतं. पण ‘मोठ्या ग्रुपमध्ये मदत कमी मिळते’ या वाक्यात दोन वेगळी वाक्यं दडलेली आहेत. त्यांतलं कोणतं तपासायचं हे ठरवणं म्हणजे निम्मा प्रकल्प. मार्गदर्शकांबरोबरची पहिली बैठक फक्त एवढ्यावरच घालव.

मला सुचतं ते असं. खोटा मेसेज टाकून लोकांची परीक्षा घ्यायची नाही. अनेकांना पहिल्यांदा हेच सुचतं आणि मी ते दर वेळी नाकारते, कारण खऱ्या अडचणीतल्या पुढच्या माणसाला ‘हा पण कोणाचा तरी प्रोजेक्ट असेल’ म्हणून उत्तर मिळणार नाही. त्याऐवजी स्वयंसेवक घे. त्यांना सांग, येत्या महिन्यात तुला खरोखर काही हवं असेल, टिपणं, एखादा पत्ता, कशाची तरी तारीख, तेव्हा नाणं उडव. छापा आला तर लहान ग्रुपवर विचार, काटा आला तर मोठ्या. मग चार आकडे लिहून दे: किती जणांनी वाचलं, किती जणांनी उत्तर दिलं, पहिलं उत्तर किती मिनिटांनी आलं, आणि खासगीत किती उत्तरं आली. नावं नकोत, मजकूर नको, स्क्रीनशॉट तर अजिबात नको. विनंती खरी, फसवणूक नाही, आणि नाण्यामुळे ‘महत्त्वाची गोष्ट लोक लहान ग्रुपवरच विचारतात’ ही पळवाट बंद होते. तरीही उत्तर देणारे लोक तुझ्या मोजणीत येतातच, त्यामुळे समितीची किंवा विभागाची लेखी परवानगी आधी काढ. परवानगी मिळाली नाही तर साधा पर्याय आहे: प्रत्येक स्वयंसेवकानं मागे वळून स्वतःच्या शेवटच्या एका विनंतीचे हेच चार आकडे द्यायचे. त्यात नाणं नाही, म्हणून निष्कर्ष दुबळा राहील. तो दुबळेपणा अहवालात स्पष्ट लिहायचा.

मानसिक आरोग्य यात कुठे गेलं असं तुला वाटेल. गेलं नाही, फक्त तू त्याच्यावर फॉर्म टाकणार नाहीस. तसं केल्यास काय होतं ते सांगते. नैराश्य मोजायला मुलं सर्रास पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची मापनपट्टी घेतात. फुकट मिळते, सगळे वापरतात. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मेलेलं बरं अशा विचारांबद्दल आहे. समजा निनावी फॉर्मवर रात्री दोन वाजता एकानं त्यापुढे ‘जवळजवळ रोज’ निवडलं. तू काय करणार? तो कोण, कुठे आहे, तुला माहीत नाही, आणि तू ते पाहशील बहुधा तीन आठवड्यांनी, एक्सेलच्या एका खान्यात ३ हा आकडा म्हणून. प्रशिक्षित माणूस आणि मदतीची ठरलेली वाट पाठीशी नसेल तर पदवीच्या प्रकल्पात हा प्रश्न विचारू नये असं माझं ठाम मत आहे. आणि तो एकच प्रश्न गाळून उरलेल्या आठांना गुपचूप पीएचक्यू-९ म्हणू नये. एकटेपणा, घरातला हिंसाचार, छळ या सगळ्यांना हेच लागू आहे. अशा प्रश्नांवर काम करायचं असेल तर आधीच जमा झालेली सार्वजनिक आकडेवारी, न्यायालयाचे निकाल, वर्तमानपत्रांतली वार्तांकनाची भाषा, मदत देणाऱ्या व्यक्तींच्या मुलाखती असे रस्ते आहेत, आणि त्यांतून उत्तम प्रकल्प झालेले मी पाहिले आहेत.

नैतिकतेचा धडा पुस्तकात अमेरिकेतल्या टस्कीगीच्या सिफिलिस अभ्यासानं सुरू होतो. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, रुग्णांना उपचारांपासून दूर ठेवलं गेलं. त्याच्या धक्क्यातून १९७९ सालचा बेलमाँट अहवाल आला. माणसांवरच्या संशोधनासाठी त्यानं तीन तत्त्वं सांगितली: व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय. हे वाचून मुलांना वाटतं, आपण कुठे कोणाला मारणार आहोत, आपल्याला काय त्याचं. पदवीच्या पातळीवरचं नुकसान फार किरकोळ दिसणाऱ्या वाटेनं येतं. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याच हाताखालच्या एका अहवालात एका मुलाखतीचा उतारा होता. नाव बदललेलं, सगळं नियमानुसार. खाली ओळख म्हणून लिहिलं होतं, ‘तृतीय वर्षातील विवाहित विद्यार्थिनी’. त्या वर्गात विवाहित मुलगी एकच होती. उताऱ्यात ती सासरबद्दल बोलली होती. अहवाल ग्रंथालयात ठेवला गेला आणि आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. मी तो अहवाल दोनदा वाचून सही केली होती. तेव्हापासून मी प्रत्येक विद्यार्थ्याला विचारते: हा उतारा त्या माणसाच्या शेजारच्यानं वाचला तर तो ओळखेल का? तुझ्या बाबतीत याचा अर्थ असा की ज्या मेसेजवरून तुला विषय सुचला तो अहवालात येता कामा नये, ‘एका ग्रुपवर असे घडले’ इतकाही नाही. ती मुलगी तुझ्या अभ्यासात सहभागी झालेली नाही.

संमतीबद्दल आणखी एकच. वर्गमित्राला ‘ए, फॉर्म भर ना’ म्हणणं ही संमती घेणं नव्हे. तो नाही म्हणूच शकत नाही. जमेल तिथे ओळखीच्या माणसाला तिसऱ्यामार्फत विचार, आणि मध्येच सोडायची मोकळीक पहिल्या ओळीत लिही.

आता ३८५. हा आकडा कुठून येतो माहीत आहे का? ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चुकीची मुभा आणि प्रमाण अर्धं धरलं की सूत्रातून ३८४.१६ निघतात, वर गेलं की ३८५. सूत्र बरोबर आहे, पण ते दोन अटींवर चालतं. एक, नमुना यादृच्छिक हवा, म्हणजे त्या समूहातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठाऊक असलेली संधी हवी. दोन, तुला एखादं प्रमाण अंदाजायचं असावं, म्हणजे किती टक्के लोक अमुक करतात. तुझ्याकडे दोन्ही नाही. ग्रुपवर फिरलेल्या लिंकवरून आलेले ३८५ लोक म्हणजे लिंक उघडून ती शेवटपर्यंत भरणारे ३८५ लोक. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकानं जवळपास एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, तेवीस-चोवीस लाख परत आल्या, आणि त्यावरून त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आल्फ लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून, आणि त्यातही उत्तर कोणी पाठवलं हा वेगळाच प्रश्न. नमुना वाकडा असेल तर तो मोठा केल्यानं सरळ होत नाही.

तुझ्या नव्या प्रश्नात दोन गटांची तुलना आहे, त्यामुळे हिशोब वेगळा. फरक किती मोठा असेल यावर संख्या ठरते. लहान ग्रुपवर ६० टक्के विनंत्यांना तासाभरात उत्तर मिळतं आणि मोठ्यावर ४० टक्के, इतका फरक खरोखर असेल, तर तो ८० टक्के खात्रीनं पकडायला प्रत्येक बाजूला साधारण ९७ विनंत्या लागतील. एकटीला ते जड आहे. म्हणून चौघी-पाच जणी मिळून एकच पद्धत ठरवा, सारखाच तक्ता भरा, डेटा एकत्र करा आणि प्रत्येकीनं त्यातला वेगळा प्रश्न घेऊन लिहा, अर्थात मार्गदर्शकांच्या संमतीनं. तेही जमत नसेल तर चाळीस विनंत्यांवर थांब आणि ‘एवढ्या संख्येत फक्त मोठा फरकच दिसला असता’ असं लिही. असं लिहिणारी मुलगी मला दिसली तर मी खूश होते.

निष्कर्ष कोणाबद्दल आहे हेही असंच मोकळेपणानं लिहायचं. जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं की मानसशास्त्रात ‘माणूस असा वागतो’ म्हणून जे सांगितलं जातं ते बरंचसं पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू समाजांतल्या लोकांवर, त्यातही विद्यार्थ्यांवर तपासलेलं आहे. तुझा अभ्यासही विद्यार्थ्यांवरच असेल. असू दे. फक्त शीर्षकात ‘तरुण’ लिहू नकोस.

स्वयंसेवकांसाठीच्या सूचनांमध्ये शब्द जपून वापर. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली अपघाताच्या फिल्म दाखवून गाड्यांचा वेग विचारला होता. ‘धडकून चक्काचूर झाल्या तेव्हा’ असं विचारलं तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४० मैलांच्या थोडं वर, ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ असं विचारलं तेव्हा ३२ च्या जरा खाली. बदललं होतं फक्त क्रियापद. मूळ इंग्रजीतली मापनपट्टी मराठीत आणताना तर हे फारच जपावं लागतं. एकानं भाषांतर करायचं, दुसऱ्यानं मूळ न पाहता ते परत इंग्रजीत न्यायचं, आणि कुठे अर्थ सांडला ते पाहायचं. यापेक्षाही स्वस्त आणि गुणकारी उपाय म्हणजे पाच-सहा जणांना समोर बसवून तक्ता मोठ्यानं विचार करत भरायला लावणं. ‘किती जणांनी वाचलं’ म्हणजे तासाभरात की आजपर्यंत? हा प्रश्न तुला सुचणार नाही, पहिल्याच माणसाला सुचेल.

मुलाखती घ्यायच्या असतील, आणि मला वाटतं थोड्या घ्याव्यात, तर ‘उत्तर का दिलं नाहीस?’ असं विचारू नकोस. ‘का’ ऐकलं की माणूस वकील होतो. ‘गेल्या वेळी ग्रुपवर कोणीतरी काही विचारलं आणि तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हाचं सांग. कुठे होतास? मग काय केलंस?’ असं विचार आणि गप्प बस. ती शांतता मुलांना सोसत नाही, ती पुढचा प्रश्न टाकून मोकळी होतात, आणि नेमकं जे येणार असतं ते गळ्यातच राहतं. किती मुलाखती? ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या लेखात ६० मुलाखतींतले बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मध्येच येऊन गेले होते. एकसारख्या गटासाठी आणि नेमक्या प्रश्नासाठी हा आकडा धरून चालायला हरकत नाही. एका तासाची मुलाखत अक्षरशः उतरवायला नवख्या माणसाला पाच-सहा तास जातात, हे मात्र वेळापत्रकात आधीच धर.

डेटा यायच्या आधी एक पान लिही: प्रश्न काय, काय मोजणार, कोणती नोंद बाद करणार, कोणती तुलना मुख्य. तारीख टाकून मार्गदर्शकांना ईमेल कर. हे एवढ्यासाठी की नंतर मोह होतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तुलना करून पाहिल्या, आणि खरा फरक कुठेही नसला, तरी किमान एकीचा निकाल ०.०५ च्या खाली, म्हणजे ‘फरक आढळला’ म्हणण्याच्या प्रचलित मर्यादेत, जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि उरी सिमन्सन यांनी २०११ साली तर अशाच निरुपद्रवी वाटणाऱ्या सवलती घेऊन एक विशिष्ट गाणं ऐकल्यानं माणसाचं वय कमी होतं हे ‘सिद्ध’ करून दाखवलं. थोर लोकही यातून सुटलेले नाहीत. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले; मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी संख्याशास्त्राच्या दृष्टीनं अर्थपूर्ण निकाल सांगितला होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. म्हणून तुझ्या हाती ‘फरक आढळला नाही’ आलं तर रडू नकोस आणि डेटा पिळूही नकोस. आधी लिहिलेलं पान शेजारी असेल तर तो निकाल उजळ माथ्यानं सांगता येतो. जाता जाता: जुना अभ्यास नीट पुन्हा करून पाहणं हाही पदवीसाठी पूर्ण प्रकल्प आहे. त्यात नवेपणा नाही म्हणून नाक मुरडणाऱ्या परीक्षकापुढे हा ३६ चा आकडा ठेव.

वेळेचं म्हणशील तर पहिला दीड महिना प्रश्नातच गेला पाहिजे, परवानगीला तुला वाटतं त्याच्या दुप्पट वेळ लागतो, आणि लिखाण शेवटच्या आठवड्यात होत नाही. डेटाच्या प्रती वेगवेगळ्या जागी ठेव. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी क्षेत्रकार्याच्या टिपांवर अठरा वर्षं काम करून तयार केलेल्या तिन्ही प्रती स्टॅनफर्डमधल्या एकाच अभ्यासिकेत होत्या. १९७० साली तिथे लागलेल्या, म्हणजे लावलेल्या, आगीत तिन्ही जळाल्या. पुढे त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. आपण श्रीनिवास नाही.

आणि आता टेस्ट. ‘तासाभरात उत्तर आलं का, हो किंवा नाही’ आणि ‘ग्रुप लहान की मोठा’ असा दोन बाय दोनचा तक्ता होईल, त्यावर काय-स्क्वेअर, म्हणजे दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकेल का ते पाहणारी टेस्ट. एखाद्या खान्यातली अपेक्षित संख्या पाचच्या खाली गेली तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट, तेच ते शवविच्छेदनवाले फिशर. मिनिटांची तुलना करायची असेल तर सरासरी काढू नकोस, कारण बहुतेक उत्तरं दहा मिनिटांत येतील आणि एखादं दुसऱ्या दिवशी. आकड्यांऐवजी त्यांचा क्रम लावून दोन गट ताडणारी मान-व्हिटनी टेस्ट वापर आणि ज्यांना उत्तरच आलं नाही त्यांना सगळ्यांत शेवटचा क्रम दे. वाचणाऱ्यांपैकी किती टक्क्यांनी उत्तर दिलं, या तुलनेलाही तीच चालेल. एक चूक मात्र हमखास होते: साठ जणांच्या वीस ग्रुपांवरून ‘माझा नमुना १२०० चा’ असं लिहिलं जातं. एका ग्रुपमधले लोक एकमेकांचं पाहून गप्प बसतात, तुझा प्रश्नच तो आहे. त्यामुळे त्यांना १२०० सुटी माणसं म्हणून मोजता येत नाही. एक स्वयंसेवक, एक विनंती, तक्त्यात एक ओळ. तुझा एन, म्हणजे नमुन्याचा आकडा, ही त्या ओळींची संख्या.